वाचकांचे प्रश्न : ड्राफ्ट झालेली पोरं 15 ऑगस्टची वाट का बघतात?

मागच्या अंकात बर्फावरच्या हॉकीवर अर्ध्या पानाचा मजकूर होता. अमेरिकेतल्या कॉलेजात खेळणारी काही पोरं, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगमधल्या ज्या संघानं त्यांना ड्राफ्टमध्ये निवडलं त्याच्याशी करारच करत नाहीत. मुदत संपेपर्यंत थांबतात, मोकळी होतात आणि दुसऱ्याच संघात जातात, असा त्याचा विषय. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

एक आधीच सांगून ठेवतो. खालचे नियम एनएचएल आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2005 आणि 2013च्या करारांतले आहेत, कारण गाजलेली उदाहरणं त्याच काळातली. 16 सप्टेंबर 2026 पासून नवा करार लागू होतो आणि त्यात हक्कांच्या मुदतीची मांडणी बदललेली आहे. त्यामुळे यापुढे निवडल्या जाणाऱ्या पोराला हा हिशोब जसाच्या तसा लावू नका.

ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे खेळाडू त्या संघाचा झाला. मग तो 'नाही' कसं म्हणू शकतो?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, जळगाव

तो त्या संघाचा होत नाही, इथूनच सगळा गैरसमज सुरू होतो. ड्राफ्ट हा संघांनी आपापसात केलेला वाटपाचा व्यवहार आहे. 32 संघ, 7 फेऱ्या, एकूण 224 नावं. एखाद्या संघानं नाव घेतलं की बाकीच्या 31 जणांनी त्या पोराशी बोलायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पोरानं कुठंही सही केलेली नसते, त्याला एक डॉलरही मिळालेला नसतो. बहुतेक जण तेव्हा 18 वर्षांचे असतात आणि निवड झाल्यावरही खुशाल कॉलेजात खेळत राहतात. हॉकीत त्याला बंदी नाही. कॉलेजातलं खेळणं संपतं ते व्यावसायिक करारावर सही केल्यावर.

संघाकडे येतो तो फक्त बोलणी करण्याचा एकट्याचा हक्क, आणि त्या हक्काला शेवटची तारीख असते.

आमच्याकडे व्यापारी केळीची बाग बघून सौदा करतो, इसार देतो. नंतर भाव चढला म्हणून शेतकऱ्यानं माल दुसऱ्याला दिला तर गावात नाव खराब होतं. ही पोरं तेच करतात. याला बेइमानी म्हणायची नाही तर काय?
– केळी उत्पादक, रावेर तालुका

तुमचं उदाहरण नेमकं आहे, पण त्यातला इसार इथं नाही. व्यापारी बांधावर येतो, घड बघतो, भाव ठरतो, हातावर पैसे पडतात आणि मग दोघंही बांधले जातात. ड्राफ्टमध्ये असं होतं की दहा व्यापारी बऱ्हाणपूरला बसून आपसात ठरवतात, "ही बाग याची, ती बाग त्याची, दुसऱ्यानं तिकडे फिरकायचं नाही." शेतकऱ्याला कोणी विचारलेलंच नसतं. त्यानं ठरल्या तारखेपर्यंत वाट बघितली आणि मग मोकळ्या बाजारात उभा राहिला, तर मोडला कोणता शब्द?

खरा फरक मात्र दुसरीकडे आहे. तुम्हाला थांबता येत नाही. घड झाडावर पिकायला लागला की दिल्लीच्या गाडीला चालत नाही, आणि हे व्यापाऱ्याला माहीत असतं. कॉलेजच्या खेळाडूला थांबता येतं. तो थांबतो तेव्हा घरी बसत नाही. चांगल्या प्रशिक्षकाखाली, भरलेल्या स्टेडियममध्ये खेळतो, वजन आणि ताकद वाढवतो, वर पदवीही घेतो. म्हणून ही सवलत म्हटली तर सगळ्यांना असली तरी ती वापरता येते फक्त थांबायला चांगली जागा असलेल्याला. कॅनडातल्या ज्युनियर लीगच्या पोराकडे तशी जागा नव्हती. त्याबद्दल पारोळ्याच्या वाचकाला पुढे उत्तर दिलं आहे.

मुदत मोजायची कशी? एका ठिकाणी 15 ऑगस्ट वाचलं, दुसऱ्या ठिकाणी 1 जून, तिसरीकडे 30 दिवस. डोकं चक्रावलं.
– निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

तिन्ही बरोबर आहेत. गाडी एकच, रूळ दोन. एका कागदावर चार गोष्टी लिहा: ड्राफ्टचं वर्ष, कॉलेजात दाखल झाला ते वर्ष, त्याच्या वर्गाच्या पदवीचं वर्ष, आणि ड्राफ्टनंतर येणारा चौथा 1 जून.

सरळ रूळ असा. पोरगा ड्राफ्ट झाला त्याच वर्षी कॉलेजात गेला, चार वर्षं पूर्ण केली, तर ज्या वर्षी त्याचा वर्ग पदवी घेतो त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला संघाचा हक्क संपतो. (तिकडेही स्वातंत्र्यदिन 15 ऑगस्टलाच, असं आमचे एक सहकारी दरवर्षी म्हणतात.) केव्हिन हेसचं बघा. 2010च्या ड्राफ्टमध्ये शिकागोनं त्याला पहिल्या फेरीत 24वा निवडला. तो बॉस्टन कॉलेजात गेला, 2014ला चार वर्षं संपली, 15 ऑगस्ट उलटला आणि त्याच आठवड्यात त्यानं न्यू यॉर्क रेंजर्सशी करार केला.

आडरस्ता थोडा वाकडा आहे, आणि गोंधळ इथंच होतो. काही पोरं ड्राफ्टनंतर एक वर्ष कॉलेजात जात नाहीत, खालच्या ज्युनियर लीगमध्ये खेळतात आणि मग प्रवेश घेतात. त्यांचा वर्ग एक वर्ष मागं पडतो. अशा पोरानं पदवीआधीच कॉलेज सोडलं, तर संघाचा हक्क ड्राफ्टनंतरच्या चौथ्या 1 जूनपर्यंत राहतो. आणि त्या तारखेच्या तोंडावर सोडलं, तर संघाला 30 दिवस मिळतात.

जस्टिन शुल्त्झचा हिशोब बोटावर मोजू. ड्राफ्ट जून 2008, अ‍ॅनाहाइम, दुसरी फेरी, 43वा क्रमांक. विस्कॉन्सिन विद्यापीठात तो गेला 2009 मध्ये. आता 1 जून मोजा: 2009 पहिला, 2010 दुसरा, 2011 तिसरा, 2012 चौथा. कॉलेजची तीनच वर्षं झाली होती, पदवीचा वर्ग 2013चा. तो थांबला असता तर सुटका 15 ऑगस्ट 2013ला. पण त्यानं मे 2012च्या अखेरीस कॉलेज सोडलं, अ‍ॅनाहाइमचे 30 दिवस जाऊ दिले आणि जूनच्या शेवटी एडमंटनकडे गेला. वर्षभर आधीच मोकळा. ब्लेक व्हीलरनं हीच वाट 2008 मध्ये धरली होती. तो तर 2004च्या ड्राफ्टमधला पाचवा खेळाडू, फिनिक्सनं घेतलेला, गेला बॉस्टनकडे. माइक रायली 2011चा, कोलंबसनं निवडलेला. 2015 मध्ये आपल्याच गावच्या मिनेसोटा वाइल्डकडे गेला.

मोजताना तीन चुका हमखास होतात. पहिली, ड्राफ्टच्या वर्षाचा 1 जून धरणं. ड्राफ्ट जूनच्या अखेरीस होतो, तोवर त्या वर्षाचा 1 जून होऊन गेलेला असतो. दुसरी, दोन वर्षांत कॉलेज सोडलं की पोरगा मोकळा असं समजणं. मोकळा होत नाही. चौथा 1 जून येईपर्यंत हक्क संघाकडेच राहतो आणि पोरगा कॉलेजही गमावून बसतो. तिसरी चूक म्हणजे स्पर्धा संपली की कॉलेज संपलं असं धरणं. हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो, पण विद्यार्थी म्हणून नाव कमी केल्याशिवाय आडरस्त्याचं घड्याळ चालू होत नाही.

सगळे संघ सारखाच पगार देऊ शकतात असं तुम्ही लिहिलं होतं. मग पैशासाठी नाही तर कशासाठी जातात? कॉमर्सच्या माणसाला हे पटत नाही.
– कर सल्लागार, धुळे

पैशासाठीच जातात, फक्त पहिल्या कराराच्या नाही, दुसऱ्या कराराच्या. नीट मांडून सांगतो.

पहिल्या कराराला वरची मर्यादा असते. 2011 ते 2021 या ड्राफ्टमधल्या खेळाडूंसाठी ती वर्षाला 9 लाख 25 हजार डॉलर होती. करारावर सही करताना मिळणारी रक्कम याच्याच आत, आणि तीही वर्षाच्या रकमेच्या 10 टक्क्यांपर्यंत. गोल, पॉइंट (गोल आणि गोलासाठी दिलेले पास मिळून), पुरस्कार यांचे बोनस वेगळे असतात, पण त्यांनाही कमाल आकडा ठरलेला. मागणी असलेल्या पोराला प्रत्येक संघ हा वरचा आकडा डोळे झाकून देतो. बोली तिथंच थांबते.

मुदतही वयावर ठरते, मागून मिळत नाही. सही करतो त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरला वय 18 ते 21 असेल तर तीन वर्षं, 22 किंवा 23 असेल तर दोन, 24 असेल तर एक. चार वर्षं कॉलेज केलेला पोरगा 22-23चा असतो, म्हणजे त्याचा स्वस्तातला काळ दोनच वर्षांचा. तो जितक्या लवकर संपेल तितक्या लवकर मोठी रक्कम.

आता यातला डाव बघा. निवडणाऱ्या संघाच्या हातात एक पत्ता असा असतो जो बाकी कोणाकडेच नाही. कॉलेजचा हंगाम मार्चमध्ये संपला की तो म्हणतो, "आत्ता सही कर, उरलेले सामने एनएचएलमध्ये खेळ." एक सामना खेळला तरी कराराचं पहिलं वर्ष जळतं. नॅशव्हिलनं निवडलेला जिमी व्हेसी 2016 मध्ये 23 वर्षांचा होता, म्हणजे करार दोन वर्षांचा. मार्चमध्ये नॅशव्हिलशी सही करून एखादा सामना खेळला असता तर तो करार 2017 मध्येच संपला असता. तो ऑगस्टपर्यंत थांबला, रेंजर्सशी सही केली, करार गेला 2018 पर्यंत. थांबण्याची किंमत ही: स्वस्तातलं एक पूर्ण वर्ष जास्त. ती मोजूनही पोरं थांबतात, याचा अर्थ समोर त्याहून मोठं काहीतरी दिसत असतं.

ते म्हणजे जागा. सामन्याला 20 जण उतरतात: 12 आघाडीचे, 6 बचावाचे, 2 गोलरक्षक. संघात 23 नावं. तुम्ही डाव्या बाजूचे आघाडीपटू असाल तर तुमच्या कामाच्या खुर्च्या चारच, आणि त्यातल्या वरच्या दोनांनाच गोल करायची खरी संधी. त्या दोन खुर्च्यांवर 25 वर्षांची माणसं सहा-सहा वर्षांचे करार घेऊन बसली असतील, तर तुमची दोन वर्षं खालच्या फळीत जाणार, आकडे होणार नाहीत आणि दुसरा करार पातळ होणार. शिवाय नवख्या पोराला खालच्या लीगमध्ये धाडणं सगळ्यात सोपं असतं. जुन्या खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी इतर संघांना त्याला उचलायची संधी द्यावी लागते, नवख्याच्या बाबतीत ती भीती नाही. दोघं सारखेच असतील तर बस नवख्यालाच पकडावी लागते. आणि खाली गेलं की त्या काळात पगार वर्षाला जास्तीत जास्त 70 हजार डॉलर. 9 लाख 25 हजार कुठं आणि 70 हजार कुठं!

म्हणून पोराचा सल्लागार शहरापेक्षा आधी यादी बघतो. त्याच बाजूचे किती खेळाडू, कोणाचा करार कधी संपतो, कोण तिशीच्या पुढे गेला, मागून ड्राफ्टमधून कोण येतंय. हे सगळं उघड असतं. कोणीही कागदावर मांडू शकतं.

आणखी एक. 'फ्री एजंट' हा शब्द ऐकून माणूस कायमचा मोकळा झाला असं वाटतं. तसं नाही. पहिला करार संपला की नव्या संघाचा त्याच्यावर पुन्हा हक्क लागतो, आणि खरी पूर्ण मोकळीक 27व्या वर्षी किंवा सात हंगामांनंतर. म्हणजे ऑगस्टमधलं ते दार एकदाच उघडतं. आत शिरलं की चार-पाच वर्षांसाठी बंद.

संघ हातावर हात धरून बसतो का? एवढी मेहनत करून निवडलेला पोरगा फुकट जातो की काही भरपाई मिळते?
– क्रीडाशिक्षक, अमळनेर

भरपाई फक्त पहिल्या फेरीतल्या खेळाडूबद्दल. त्याच्याशी करार झाला नाही, तर संघाला पुढच्या एखाद्या ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत त्याच क्रमांकाची एक जादा निवड, म्हणजे एक नाव घ्यायची संधी मिळते. हेस 24वा होता, तेव्हा संघ 30, म्हणून शिकागोला 2015 मध्ये 54व्या क्रमांकाची निवड मिळाली. दुसऱ्या ते सातव्या फेरीतला गेला तर गेला. शुल्त्झबद्दल अ‍ॅनाहाइमला काही मिळालं नाही.

म्हणून शहाणा संघ मुदत संपायच्या आधी आपला हक्क दुसऱ्या संघाला विकून मोकळा होतो, आणि पोरगा मनातलं जितकं लवकर सांगेल तितकी किंमत चांगली येते. अ‍ॅडम फॉक्सचं प्रकरण बघा. कॅलगरीनं 2016 मध्ये तिसऱ्या फेरीत, 66वा निवडलेला हा हार्वर्डचा बचावपटू. 2018 मध्ये कॅलगरीनं त्याचे हक्क एका मोठ्या अदलाबदलीत कॅरोलायनाला दिले. त्याला तिथंही जायचं नव्हतं. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा पोरगा, डोळा रेंजर्सवर. आणखी एक वर्ष कॉलेजात काढलं असतं तर ऑगस्ट 2020 मध्ये तो फुकटात रेंजर्सकडे गेला असता, आणि हे तिघांनाही ठाऊक होतं. एप्रिल 2019 मध्ये कॅरोलायनानं दुसऱ्या फेरीची एक निवड आणि अटीवरची आणखी एक घेऊन त्याला सोडलं. 2021 मध्ये त्याला सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी मिळाली. दुसऱ्या फेरीच्या निवडीच्या बदल्यात नॉरिसवाला! पण कॅरोलायनाला दोष देता येत नाही. त्यांच्या हातात मिळेल ते घ्यायचं एवढंच होतं.

कटर गोतिए उलटा. फिलाडेल्फियानं 2022 मध्ये त्याला पाचवा निवडला. तिथं खेळायचं नाही हे त्यानं इतक्या लवकर ठरवलं की मुदत संपायला दोन वर्षांहून जास्त काळ बाकी होता. 8 जानेवारी 2024ला संघानं त्याला अ‍ॅनाहाइमला दिलं आणि बदल्यात जेमी ड्रायसडेल हा खेळता बचावपटू आणि दुसऱ्या फेरीची निवड घेतली. पोराचा 'नाही' तोच, पण घड्याळात वेळ शिल्लक होता म्हणून भाव वेगळा.

तुमच्या विद्यार्थ्यांना समजावायचं असेल तर आणखी एक आकडा सांगा: 50. एका संघाला एका वेळी 50च करार ठेवता येतात, खालच्या लीगमधले धरून. म्हणून 15 ऑगस्टला मोकळ्या होणाऱ्या बऱ्याच पोरांनी संघाला नाकारलेलं नसतं, संघानंच त्यांना नको म्हटलेलं असतं. पेपरात येतात ती वेगळी.

मना भाचा बोस्टनले शिकी ऱ्हायना. तो म्हने, ज्यान्हं नाव ड्राफ्टमा नही त्यानीच मजा शे. हाई खरं शे का?
– एक वाचक, नंदुरबार

अर्धं खरं शे! ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला पोरगा वयाची मर्यादा ओलांडली की कायमच मोकळा असतो. त्याला कुठल्याच 15 ऑगस्टची वाट बघावी लागत नाही. कॉलेजचा हंगाम मार्चमध्ये संपला की दुसऱ्या दिवशी कोणत्याही संघाशी सही करू शकतो, आणि वर सांगितलेला वर्ष जाळण्याचा फायदाही त्यालाच: उरलेला एखादा सामना खेळवण्याचं आश्वासन मागायचं, एक वर्ष कमी करून घ्यायचं. संघांनाही हा माल आवडतो, कारण ड्राफ्टची निवड खर्ची पडत नाही आणि पोरगा 18चा कच्चा नसून 22-23चा तयार असतो. टोरी क्रुग असाच आला. मार्टिन सेंट लुईसही ड्राफ्ट झाला नव्हता, व्हरमाँट विद्यापीठातून निघाला आणि 2018 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे हॉकीतल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला.

उरलेलं अर्धं असं, की 18व्या वर्षी 224 वेळा आपलं नाव वगळलं गेलेलं असतं. ती मजा किती जणांना सोसते ते भाच्यालाच विचारा.

कॅनडातल्या ज्युनियर लीगच्या खेळाडूंना ही सोय का नाही?
– एक वाचक, पारोळा

त्यांच्यासाठी मुदत दोन वर्षांची होती. दुसऱ्या 1 जूनपर्यंत संघानं करार केला नाही, तर वय बसत असेल त्यांना पुन्हा ड्राफ्टमध्येच उभं राहावं लागायचं, म्हणजे निवड परत संघाच्याच हातात. कॉलेजचं दारही त्यांना बंद होतं, कारण अमेरिकेची कॉलेज क्रीडा संघटना एनसीएए त्या लीगला व्यावसायिक मानत होती. नोव्हेंबर 2024 मध्ये तिनं नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून हे खेळाडू कॉलेजात येऊ लागले. थांबायची जागा आता त्यांनाही मिळाली. संघांनी नव्या करारात मुदतीची मांडणी बदलून घेतली, त्यामागं हेही आहे.

आपल्या हॉकी इंडिया लीगमध्ये असं होऊ शकतं का?
– हॉकीपटू, चाळीसगाव

नाही. तिथं ड्राफ्ट नाही, लिलाव आहे. खेळाडू स्वतः नाव नोंदवतो आणि आधारभूत किंमत ठरवतो: 2, 5 किंवा 10 लाख. 2024च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला सूरमा क्लबनं 78 लाखांना घेतलं. लिलावात नाव देणं हीच संमती. आयपीएलनं तर विकलं गेल्यावर दुखापतीशिवाय माघार घेणाऱ्यावर दोन हंगामांची बंदी ठेवली आहे. तिकडच्या पोरानं मात्र संमती कधी दिलेलीच नसते. पगाराच्या बाबतीतही उलटं: लिलावात बोली चढते, त्यांच्याकडे पहिल्या कराराच्या छताला डोकं आपटतं.

थांबलेल्यांचं पुढं भलं झालं का? चुकतं कुठं?
– प्रशिक्षक, शिरपूर

काहींचं झालं, काहींचं बेताचं. चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत.

चौथ्या वर्षाची दुखापत ही सगळ्यात मोठी. तीन वर्षं चांगला खेळून चौथ्या वर्षी गुडघा गेला तर ऑगस्टमध्ये फोन वाजत नाहीत. दुसरी, उशीर. 1 जुलैला एनएचएलचा मोठा बाजार भरतो. 15 ऑगस्टपर्यंत संघांनी आपल्या जागा, 50 करार आणि पगाराची मर्यादा बरीचशी वापरलेली असते. मागणी असलेल्या चार-दोन पोरांसाठी जागा करून ठेवतात, बाकीच्यांनी उरल्यासुरल्यात समाधान मानायचं. तिसरी चूक म्हणजे तोंडी शब्दावर विसंबणं. "तुला दुसऱ्या फळीत खेळवू" असं प्रत्येक जण सांगतो, पण एनएचएलचा करार छापील नमुन्याचा असतो आणि त्यात खेळायच्या मिनिटांचं कलम नसतं. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक बदलला की शब्दही बदलला. चौथी गोष्ट बरेच जण विसरतात: पहिल्या करारात 'मला दुसरीकडे पाठवू नका' असं कलम घालता येत नाही. म्हणजे महिनाभर सात संघांची बोलणी ऐकून जो संघ निवडला, तो दोन वर्षांनी तुम्हाला कुठंही धाडू शकतो.

2017ची एक जोडी मोठी मजेशीर आहे. अ‍ॅलेक्स केरफूटला न्यू जर्सीनं निवडलं होतं, विल बुचरला कोलोराडोनं. दोघंही पाचव्या फेरीतले. त्या ऑगस्टमध्ये दोघंही मोकळे झाले. केरफूट कोलोराडोकडे गेला आणि बुचर न्यू जर्सीकडे. जणू अदलाबदलच झाली, फक्त संघांना न विचारता. दोघांनीही जागा बरोबर हेरली होती: पहिल्याच हंगामात केरफूटचे 43 पॉइंट, बुचरचे 44. शुल्त्झला एडमंटनमध्ये जमलं नाही, पुढं पिट्सबर्गकडून 2016 आणि 2017 असे दोन स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं जिंकला. व्हीलरला बॉस्टननं फेब्रुवारी 2011 मध्ये अटलांटाला दिलं आणि जूनमध्ये बॉस्टननं कप उचलला. पण अटलांटाचा संघ विनिपेगला गेल्यावर तोच त्यांचा कर्णधार झाला.

राहिला व्हेसी. 2016च्या मार्चमध्ये त्यानं नॅशव्हिलला नकार कळवला. नॅशव्हिलनं 20 जूनला त्याचे हक्क बफलोला विकले, तिसऱ्या फेरीच्या एका निवडीला. बफलोला त्या किमतीत मिळाले 56 दिवस, एकट्यानं बोलायचे. पोरानं ऐकून घेतलं आणि 19 ऑगस्टला रेंजर्सशी सही केली. तीन वर्षांनी, 1 जुलै 2019ला, रेंजर्सनं त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवलं. त्याच दिवशी कोलोराडोनं केरफूटला टोरांटोला दिलं. व्हेसी गेला तो बफलोला, आणि त्यासाठी बफलोनं पुन्हा तिसऱ्या फेरीचीच एक निवड मोजली.